एकोणीस टोपल्या

माझ्या वहिनीला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. स्वतःचं नावसुद्धा तिला कधी लिहिता आलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी बँकेत खातं काढलं तेव्हा तिनं अंगठाच उठवला, आणि तो उठवताना जरासुद्धा लाजली नाही. अशा बाईचा मी जितका हेवा केला, तितका आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही. शाळेत माझ्या मागून येऊन मुख्याध्यापिका झालेल्या बाईंचाही नाही. आता ऐंशी ओलांडल्यावर माणसानं खरं बोलायला हरकत नसावी. बोलून जाणार तरी काय, गुडघे तर आधीच गेलेत.

आमचं गाव आमगावपासून दोन कोस आत. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता, आणि गोंदिया म्हणजे शहर. वारा तिकडून असला की आमगावच्या गाडीची शिट्टी ऐकू येई आणि माय त्यावर भाताचं आधण ठेवी. घरात सकाळपासून आवाज चालत: उखळात मुसळ, गोठ्यात म्हशीची साखळी, आणि ओसरीवर माझे पाढे. पाढे मी अभ्यास म्हणून म्हणत नसे, ऐकवायला म्हणत असे. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवलेला असे, त्याला आमच्याकडे बासी म्हणतात. ती बासी, कांदा आणि भाजलेली सुकट पुढ्यात घेऊन बाबा जेवायला बसले, की मी समोरच्या खांबाला टेकून एकोणतीसचा पाढा चढा आणि उतरता म्हणून दाखवी. पावकी, निमकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही मला पाठ होते. बाबा घास तोंडात ठेवून मान डोलावत आणि आल्यागेल्याला सांगत, "आमची सरू म्हणजे घरातली पाटी हाये." भाताच्या गुंडीच्या तळाला लागलेली खरवड माझी, हे ठरलेलं होतं. ती कुरकुरीत खरवड आणि बाबांची ती मान, या दोन गोष्टींवर माझं बालपण पोसलं गेलं.

आमचं कूळ तलाव बांधणाऱ्यांचं. आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या तलावाच्या खाली एकोणीस घरांचं धान पिकत होतं. पूर्वी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, मालगुजार जमीनदाराच्या हुकमानं दुरुस्त होई. मग मालगुजारी गेली. कागदावर तलाव सरकारचा झाला, पण सरकार काही टोपली घेऊन येईना. दोन पावसाळे पाळ झिजत गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात बाबांनी एकोणीस घरांना ओसरीवर बसवलं आणि ठरलं, की तलावाच्या पोटातला गाळ आपणच उपसायचा आणि पाळीवर टाकायचा. घरटी दोन माणसं, घरटी हजार टोपल्या.

आता यात एक गोम होती. एकोणीस घरांची अडतीस माणसं, कोणी तरणा तर कोणी म्हातारा, चालता चालता रांगेत पुढं-मागं होत. दर घराची वेगळी मोजणी करणं कोणाला जमणार नव्हतं. म्हणून मोजणी सगळ्यांची मिळून, आणि संध्याकाळी काम थांबवायचं ते अशा आकड्यावर, की एकोणीस घरांना सारखा भाग जावा आणि एकही टोपली उरू नये. याला आमच्याकडे 'बरोबरीवर थांबणं' म्हणत. नऊ टोपल्या उरल्या तर त्या नऊ कोणाच्या, यावरून पूर्वी डोकी फुटलेली होती. म्हणून सूर्य कलला की माणसं टोपली डोक्यावर घेऊन उभी राहत आणि मोजणीवर बसलेल्याला विचारत, बरोबरी झाली का, नसली तर अजून किती?

मोजायची रीत जुनी होती. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली मातीत वीतभर अंतरावर तीन खळगे करायचे. शेजारी नदीतल्या खड्यांचा ढीग. एक टोपली समोरून गेली की पहिल्या खळग्यात एक खडा. तिथं वीस झाले की ते वीस उचलून ढिगात टाकायचे आणि दुसऱ्या खळग्यात एक ठेवायचा. दुसऱ्यात वीस झाले की ते काढून तिसऱ्यात एक. खडे सगळे सारखेच, पण पहिल्या खळग्यातला खडा एका टोपलीचा, दुसऱ्यातला विसांचा आणि तिसऱ्यातला चारशेंचा. आमच्याकडे म्हाताऱ्यांची सगळी मोजणीच विसांवर चाले. धानाचीसुद्धा वीस कुडवांची एक खंडी. शाळेत मात्र मी दहांवर मोजायला शिकले होते, आणि विसांची रीत अडाण्यांची असं माझं पक्कं मत होतं.

त्या वर्षी मी आमगावच्या शाळेतून सातवी पास झाले होते. गोंदियाला मावशीकडे राहून पुढं शिकायचं माझ्या मनात होतं. बाबांच्याही होतं, पण एकोणीस घरांच्या मनात नव्हतं. त्यातही सोनबाआजांच्या तर मुळीच नाही. सोनबाआजा म्हणजे गावातले सर्वांत म्हातारे, बाबांचे चुलतचुलते. त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन बाबांनी कधी बैलही विकला नव्हता. ओसरीवरच्या त्या बैठकीत ते म्हणाले, "पोट्टीले शिकवून काय करतो? चुलीत पाढे जाळाचे हायेत का?" बाबा म्हणाले, "आजा, पाळीवरची मोजणी यंदा सरू करंल. पाळ पुरी होईतवर ते नीट करते का नाही ते पाहा. मंग बोला." म्हणजे मी पाळीवर नीट मोजलं तर गोंदिया, नाही तर चूल. पहिल्या दिवशी मी पाटी-पेन्सिल घेऊन खळग्यांशी बसले तेव्हा मला वाटलं, गोंदियाच्या गाडीत बसले.

वहिनी त्याच हिवाळ्यात आमच्या घरी आली होती. देवका तिचं नाव. माहेर दक्षिणेला, मोठमोठ्या तलावांच्या मुलखातलं. सतरा-अठरा वर्षांची, रंगानं सावळी, आणि केस असे की न्हाल्यावर वाळवायला तिला अर्धी सकाळ लागे. मला ते केस बघवत नसत. सासऱ्यासमोर ती बोलत नसे, पदर कपाळाखाली ओढून मायच्या कानात कुजबुजे आणि माय तेच मोठ्यानं सांगे. आमच्या घरून पाळीवर दादा आणि वहिनी अशी दोघं टोपल्या वाहत होती.

दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. माणसं टोपल्या डोक्यावर घेऊन उभी. खळग्यांत, तिसऱ्याकडून पहिल्याकडं, तीन, अकरा आणि चौदा खडे. मी पाटीवर मांडलं: चारशे त्रिक बाराशे, वीस अकरे दोनशे वीस, वर चौदा, झाले चौदाशे चौतीस. त्याला एकोणिसानं भागायला घेतलं. भागाकार लांबत गेला, पेन्सिल करकरत होती, आणि कोणाच्या तरी टोपलीतून गाळाचं पाणी टपटपत होतं. एवढ्यात माय, जी आमच्या जेवणाची हंडी घ्यायला आली होती, मोठ्यानं म्हणाली, "देवका म्हनते, दहा टोपल्या."

मी मान वर केली नाही. भागाकार पुरा केला. पंचाहत्तर वेळा, बाकी नऊ. एकोणिसाला दहा कमी. दहाच टोपल्या. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि मी म्हटलं, "हो, दहा." त्यानंतर चौदाशे चव्वेचाळीसवर बरोबरी झाली, घरटी शहात्तर. लोक घरी गेले. मी मनाशी म्हटलं, आंधळ्यानं भिरकावलेली काठी नेमकी लागली.

पण तिसऱ्या दिवशी लागली, चौथ्या दिवशीही लागली. माझी पाटी अर्ध्यात असताना मायच्या तोंडून वहिनीचा आकडा येई, आणि तो कधीच चुकत नसे. पाचव्या दिवशी लोकांनी पाटीकडं बघणंच सोडलं. ते मायकडं बघत. मी घरी तिला गाठलं. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. विचारलं, "वहिनी, तू भागाकार कसा करतेस?"

"ते काय असते?" ती म्हणाली.

"मग दहा टोपल्या कशा सांगितल्या?"

"तिन्ही खळग्यांतले खडे एकत्र मोजले. तीन, अकरा, चौदा. अठ्ठावीस खडे झाले. त्यातले एकोणीस गेले, नऊ राहिले. नवाचे एकोणीस व्हाले दहा पाहिजेत." मग माझ्याकडं नवलानं बघून म्हणाली, "तुमच्या शाळेत शिकवत नाही का? आमच्या माहेरी तं शेळ्या चारणारे पोट्टे करतात."

मी तिला म्हटलं, असं कसं होईल, एक खडा एकाचा आणि एक चारशेंचा, त्यांची बेरीज कशी करायची? ती म्हणाली, "वीस टोपल्या एकोणीस घरांत वाटल्या तं उरते किती? एक. चारशे वाटल्या तं उरते किती? एकच. मंग कोनत्याही खळग्यातला खडा असो, घराघरांत वाटून त्याचा एकच उरते." एवढं सांगून ती पुन्हा फुलं पसरू लागली.

गुरुजींनी आम्हाला नवाचा ताळा शिकवला होता. आकड्यातले अंक मिळवायचे, नवानं भाग जातो का बघायचा. मी तो फाडफाड करून दाखवत असे आणि त्यासाठी मला एकदा पेन्सिलही बक्षीस मिळाली होती. दहांच्या मोजणीत नऊ, तर विसांच्या मोजणीत एकोणीस, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. मध्यंतरी माझा नातू, जो संगणकाच्या कामात आहे, मला समजावत होता, की आजी, त्यांच्या यंत्रात सोळांवर मोजतात आणि तिथं पंधराचा ताळा चालतो. मी म्हटलं, बाळा, हे मला सांगू नकोस. ही विद्या मला मोहफुलं वाळवणाऱ्या बाईनं शिकवली.

सहाव्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "सरू, आजपासून तू पानी वाढजो. खळग्याशी देवका बसंल. तिची टोपली मी वाहतो."

मी म्हटलं, "माझं काय चुकलं?"

"चुकलं नाही बेटी. लोकं ओली टोपली डोक्यावर घेऊन उभे राहतात. त्यांच्या मानेचा तं विचार कर."

मानेचा विचार बरोबर होता. पण पाळीवर सोनबाआजा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी वहिनीला खळग्याशी बसताना पाहिलं, मला रांजणाशी पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिकलेली पानी वाढून राहिली अन् अडाणी मोजून राहिली. आता गोंदियाले कोनाले धाडतो रे? सुनेले?" लोक हसले. वहिनीनं पदर आणखी खाली ओढला. त्या दिवशी घरी जेवताना मायनं गुंडीच्या तळाची खरवड काढली आणि न विचारता वहिनीच्या ताटात घातली. "दिवसभर उन्हात बसते बिचारी," म्हणाली. मी दिवसभर उन्हात पाणी वाढत होते, ते कोणाला दिसलं नाही.

हेवा म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. ती हसली तरी राग येई आणि गप्प बसली तरी येई. दादा तिला बाजारातून बांगड्या घेऊन आला तर मी त्या किती आहेत ते मोजत बसले. मला एकच आशा होती, की ती चुकेल. म्हणून रांजणामागं पाटी लपवून मी चोरून मोजू लागले. पाणी वाढता वाढता डोळा टोपल्यांवर, दहा झाल्या की पाटीवर एक रेघ. तीन दिवस मोजलं. तिन्ही दिवस माझा आकडा आणि खळग्यांतला आकडा एक. बाई चुकतच नव्हती, मग मी तिला चुकवायचं ठरवलं.

चौथ्या दिवशी दुपारी उकाड्यानं माणसं हैराण झाली होती. वहिनी उठून रांजणाशी आली. मला म्हणाली, "सरू, जरा बस माह्या जागी, मी तोंड धुऊन येतो." मी बसले. दोन टोपल्या गेल्या, दोन खडे टाकले, प्रामाणिकपणे. मग दुसऱ्या खळग्यातला एक खडा उचलला आणि पहिल्यात टाकला. ढिगात टाकला असता तर एकूण खडे कमी झाले असते आणि ते तिच्या लक्षात येईल अशी मला भीती होती. इकडचा तिकडं गेला तर काय कळतंय! माझा हिशोब असा, की आता तिची बरोबरी मोडणार, ती भलत्याच टोपलीवर काम थांबवणार, आणि मग मी माझी पाटी काढून सगळ्यांना दाखवणार. वहिनी आली, ओल्या हातानं कपाळ पुसत बसली. मी उठले. पुन्हा पाणी वाढू लागले.

संध्याकाळी खळग्यांत तीन, पाच आणि अकरा. वहिनीनं हात वर केला: बरोबरी. मी रांजणामागून पाटी काढली. तेराशे तीस. पाटीवरच भाग घालून पाहिला, तर एकोणिसानं पुरा जात होता. घरटी सत्तर. खळग्यातले तेराशे अकरा, तेही एकोणिसानं पुरे जात होते. घरटी एकोणसत्तर. मी गोंधळले. मी तर तिची बरोबरी मोडली होती, मग ती दोन्हीकडं शाबूत कशी? पण विचार करायला वेळ नव्हता, लोक निघाले होते. मी ओरडले, "थांबा! मोजणी चुकली. आजच्या टोपल्या तेराशे तीस आहेत. वहिनीच्या खळग्यात तेराशे अकरा. एकोणीस टोपल्या बुडाल्या!"

एकोणीस घरांना एवढं पुरे होतं. घरटी एक टोपली बुडाली, म्हणजे प्रत्येकाला पुन्हा एक वाहावी लागणार. "आमची टोपली खाल्ली का?" कोणी म्हणालं. "कायले बसवलं तिले?" दुसऱ्यानं विचारलं. सोनबाआजांनी माझी पाटी मागून घेतली आणि वाचता येत नसताना ती नीट न्याहाळली. बाबा खळग्यांकडं बघत होते.

वहिनीनं तेव्हा आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्यासमोर तोंड उघडलं. मायला नाही, सरळ मला विचारलं, "किती कमी हायेत?"

"एकोणीस."

"पुरे एकोणीस?"

"पुरे एकोणीस."

ती खळग्यांकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती गणित करत होती. ते संपलं तेव्हा तिनं नजर खाली घेतली आणि म्हणाली, "माह्याच हातून खडा इकडचा तिकडं झाला असंल. पोरगी म्हनते ते खरं हाये. तेराशे तीस धरा."

सोनबाआजांनी पाटी मला परत दिली. "शिकलेली ते शिकलेली," म्हणाले. "हिनं नसतं पकडलं तं गावाच्या एकोणीस टोपल्या गेल्या असत्या." एवढा मोठा मान मला त्यांच्याकडून आधी कधी मिळाला नव्हता, आणि नंतर ते फार दिवस जगलेही नाहीत. बाबा म्हणाले, "चला आता, घरी चला."

घरी आल्यावर वहिनी उखळाशी बसली होती. मी मुद्दाम तिथं गेले. ती बोलेपर्यंत मला चैन पडणार नव्हतं. तिनं मुसळ भिंतीला टेकवलं आणि हळू म्हणाली, "विसरलं तं एक टोपली जाते, दोन जातात. डुलकी लागली तं दहा जातात. पुरे एकोणीस कवा जातात, सांग. एक खडा या खळग्यातून त्या खळग्यात गेला तवाच. वीस गेले अन् एक आला. म्हनून बरोबरी मोडली नाही. बरोबरी मोडाची होती तं खडा बाहेर फेकाचा होता."

माझी चोरी तर तिनं पकडलीच होती, वर चोरी कशी करायची तेही शिकवत होती. मी विचारलं, "मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"मले येऊन सहा महिने झाले नाहीत. घरच्या पोरीले चोर म्हनलं असतं तं माह्या बाजूनं कोन बोललं असतं? तुहा दादा?" तिनं मुसळ उचललं. "सरक, भुसा डोळ्यात जाईल."

तिनं मला क्षमा केली असती तर मी तिच्या पाया पडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण तिनं क्षमाही केली नाही आणि शापही दिला नाही. तिनं घरातलं आपलं स्थान मोजलं, माझं मोजलं आणि उत्तर काढलं, तेही बरोबर. मला तिचा पूर्वीहून जास्त हेवा वाटू लागला.

दुसऱ्या दिवसापासून खळग्याशी पुन्हा मी. संध्याकाळी लोक टोपल्या घेऊन उभे राहिले की मी पाटीवर काहीतरी रेघोट्या ओढी आणि मनातल्या मनात तिन्ही खळग्यांतले खडे मिळवी. उत्तर झटक्यात येई. लोक म्हणत, पोरीचा हात बसला. वहिनी टोपली डोक्यावर घेऊन रांगेत उभी असे आणि मी रेघोट्या ओढतेय हे बघत असे. ती एकदाही मायच्या कानाशी लागली नाही. अशा रीतीनं घरटी हजार टोपल्या पुऱ्या झाल्या, मृगाआधी पाळ उभी राहिली, आणि सोनबाआजांनी स्वतः बाबांना सांगितलं, "पोट्टीले धाड गोंदियाले."

मी गेले. मावशीच्या घरी सगळे हिंदी बोलत, शाळेत मुली माझ्या 'करून राहिली'वर हसत, तरी मी टिकले. मॅट्रिक झाले, पुढं शिकले आणि गोंदियातच मुलींच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवलं. इकडं गावात वहिनी पाळीवर मोजत राहिली. दरवर्षी उन्हाळ्यात घरी गेले की ऐकू येई: देवका सांगंल, देवकाले विचारा. धानाची रास पडली की तिला बोलावणं, लग्नात पत्रावळी किती लागतील तेही तिला विचारणं. बाबा जेवायला बसत आणि तिच्याशी आकड्यांच्या गोष्टी करत. ती आता पदर ओढत नसे. मी एवढी शिकलेली, पदवीवाली, ताटावर बसून ऐकत राही. मला कोणी काही मोजायला सांगत नसे. पाहुणी होते ना मी.

बाबा अगदी म्हातारे झाले तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडं गोंदियाला आले. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर एका सकाळी व्हरांड्यात बशीतून चहा पीत होते. माझ्या कपाटातली पुस्तकं त्यांना आता स्पष्ट दिसत होती आणि ती बघून ते खूष होते. मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी मी त्यांना सांगितलं, की बाबा, त्या उन्हाळ्यात पाळीवर वहिनी चुकली नव्हती. खडा मी हलवला होता.

"ठाऊक हाये," बाबा म्हणाले.

"वहिनीनं सांगितलं?"

"तिनं कायले सांगाव? पुरे एकोणीस कोनी विसरते का? मी बी तलाववाल्याचा पोरगा हावो. उभ्या उभ्या समजलं मले."

मी विचारलं, "समजलं होतं तर मला गोंदियाला कायले धाडलं? चोरीचं बक्षीस म्हणून?"

बाबांनी बशी खाली ठेवली. त्यांना वाटलं असावं, की इतकी वर्षं गणित शिकवणाऱ्या मुलीला एवढं तरी कळायला हवं होतं. सहज, धानाचा भाव सांगावा तसं ते म्हणाले, "एका घरात मोजणाऱ्या दोघी असल्या का घर टिकत नाही, बेटी. एकीले धाडावंच लागत होतं. जे चांगली मोजत होती, ते मी घरी ठेवली."

त्यांनी बशी पुढं केली. मी चहा ओतला. मला त्या वेळी वाईट वाटलं ते माझ्या लबाडीचं नव्हतं, हे मी इथं लिहून ठेवते. त्यांनी तिला ठेवून घेतलं होतं, त्याचं वाटलं.